अ गटाचे उंदीर

बीडच्या कॉलेजात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाचे विषय वाटले, तेव्हा वर्गातल्या बहुतेकांच्या वाट्याला पाणी आलं. कुणाला बोअरच्या पाण्यातले क्षार, कुणाला बिंदुसरा नदीच्या पाण्यातले जंतू. माझ्या वाट्याला उंदीर आले. पाणी बाटलीत भरून ठेवलं की घरी जाता येतं. उंदरांना रविवार नसतो, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

आहारातलं प्रोटीन कमी किंवा जास्त केलं तर पांढऱ्या उंदरांच्या रक्तात काय बदलतं, ते मला पाहायचं होतं. एकाच वयाचे अठरा नर आणि तीन पिंजरे. अ गटाच्या खाद्यात प्रोटीन अगदी थोडं, ब गटाला नेहमीइतकं, क गटाला त्याच्या दुप्पट. प्रोटीन म्हणून केसीन, म्हणजे दुधातून काढलेली पांढरी भुकटी. बाकी मक्याचं स्टार्च, तेल, क्षार. दर दोन आठवड्यांनी शेपटीच्या शिरेतून थोडं रक्त काढायचं आणि त्यातलं अल्ब्युमिन आणि युरिया मोजायचं. अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रोटीन. खाण्यात कमी पडलं की ते हळूहळू उतरतं. युरिया म्हणजे शरीराने प्रोटीन वापरून मागे टाकलेला कचरा. जितकं जास्त खाल तितका तो चढतो. कागदावर सगळं सरळ होतं.

आमचं गाव धर्मापुरीच्या अलीकडे. फोनवर वडिलांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आमी इथं कोठीत औषध टाकून मारायलो अन् तू तिथं त्यांला चारायलीस." त्यांनी हे आईला सांगितलं, आईने शेजारी सांगितलं आणि पुढे कित्येक दिवस मी गावी गेले की कुणीतरी उंदरांची खुशाली विचारायचंच. मीही हसायचे. पण मला लग्नाआधी ही एक पदवी हातात हवी होती, तीही चांगल्या गुणांनी. वडिलांनी एक वर्ष थांबायचं कबूल केलं होतं आणि त्या वर्षातले महिने भराभर सरत होते. मी सकाळी खोलीवरून निघताना पायऱ्या दोन-दोन उतरायचे. कशाची घाई होती ते मलाच सांगता आलं नसतं.

कॉलेजच्या मागच्या बाजूला अ‍ॅनिमल हाऊस होतं. पत्र्याची एक लांबट खोली, एका भिंतीला पिंजऱ्यांची मांडणी, दुसरीकडे कपाट आणि खिडकीत कूलर. तिथलं सगळं चाचा बघायचे. पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे, कंत्राटावर लागलेले. पिंजऱ्यातला भुसा बदलणं, पाण्याच्या बाटल्या धुणं ही त्यांची कामं. पण त्यांचा खरा उपयोग व्हायचा तो उंदीर धरायला. ते टॉवेलात उंदीर असा गुंडाळायचे की शेपटी तेवढी बाहेर राहायची आणि आतलं जनावर गप्प पडायचं. मी कोमट पाण्याने शेपटी शेकून सुई लावायचे. रक्ताचे थेंब नळीत पडेपर्यंत चाचा त्या टॉवेलाशी हळू आवाजात काहीतरी बोलत असायचे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात अ गटाचे उंदीर ओळखू यायला लागले. केस विस्कटलेले, अंग खंगलेलं. कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसायचे. चाचांनी एकदा विचारलं, "यांलाच उपाशी कावून ठिवता?" मी त्यांना समजावलं की उपाशी नाही, पोटभर खातात, फक्त त्यात एक गोष्ट कमी आहे. त्यांनी मान हलवली. पटलं नव्हतं.

पहिल्या दोन्ही वेळच्या रक्तात मला हवं तेच आलं. अ गटाचं अल्ब्युमिन उतरलं, युरिया खाली गेला. क गटाचा युरिया चढला. आमच्या मार्गदर्शक मॅडम सहसा कुणाचं कौतुक करत नसत. त्यांनी आलेख पाहिला आणि "हात चांगला आहे तुझा," म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी आठवडाभर तरंगत होते.

पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला पहिलं खाद्य संपलं. मी खाद्याचे तिन्ही डबे घासले, नळाखाली धुतले, व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात वाळवले आणि नवं खाद्य कालवून भरलं. त्याच सुमारास रमजान सुरू झाला. चाचांचे रोजे होते. ऊन चढायला लागलं होतं, म्हणून मॅडमनी कूलर सुरू करायला सांगितलं. काम नेहमीसारखं चालू होतं.

सहाव्या आठवड्याचं रक्त काढलं. मला टोकांची उत्सुकता, म्हणून आधी क गटाचं तपासलं आणि मग अ गटाचं. अ गटाचं अल्ब्युमिन वर आलं होतं. थोडंथोडकं नाही, जवळजवळ निरोगी उंदरांइतकं. युरियाही वर. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा केलं, तरी तेच. आणि त्या भरात रसायन संपलं. ब गटाचं रक्त तपासायचं राहून गेलं. त्याच्या नळ्या मी फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि संभाजीनगरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, आठ-दहा दिवस लागतील.

ते दिवस काढणं अवघड गेलं. जेवायला बसले की उठावंसं वाटायचं. वाचायला घेतलं की तीच ओळ पुन्हा पुन्हा. दिवसातून चार वेळा मी अ पिंजऱ्यासमोर जाऊन उभी राहायचे. उंदीर छान दिसत होते. केसांवर चमक आली होती. वजनाची वही काढली, तर त्यांची वजनंही दोन आठवड्यांत चढलेली. ब गटाचं वजन थांबलं होतं. पण उन्हाळ्यात जनावरं कमी खातात, हे मी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तिकडे लक्षच दिलं नाही. माझं लक्ष फक्त अ गटावर होतं. माझा आलेख कुणीतरी बिघडवला होता आणि तो कोण, हे मला शोधायचं होतं.

मग एका दुपारी अ पिंजऱ्याखाली, फरशीवर मला फुटाण्याची टरफलं दिसली.

चाचांच्या खिशात एरवी कायम फुटाणे असायचे. पण आता रोजे होते, दिवसा ते पाण्याचा घोटही घेत नव्हते. मग टरफलं आली कुठून? माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. त्यांना अ गटाची दया यायची, हे मला माहीत होतं. खिशातले फुटाणे ते त्या पिंजऱ्यात टाकत असणार. फुटाण्यात प्रोटीन भरपूर. झालं.

मी त्यांना विचारलं नाही. आज इतक्या दिवसांनी सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. ते दहा पावलांवर बाटल्या धूत होते. मी टरफलं कागदात गुंडाळली आणि सरळ मॅडमकडे गेले.

मॅडमनी त्यांना खोलीत बोलावलं. मी टेबलाच्या बाजूला उभी होते. कागद उघडा होता. मॅडमनी शांतपणे विचारलं की तुम्ही उंदरांना काही घालता का. चाचांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काहीतरी बोलेन, अशी वाट बघितल्यासारखे ते थांबले. मी बोलले नाही.

"मी न्हाई दिलं मॅडम," ते म्हणाले. "दिलं असतं तर सांगितलं असतं."

मॅडमचा आवाज चढला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून चाचांना फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहून घ्यायची आणि गाड्यांसाठी फाटक उघडायचं. तिथे एक कडुलिंबाचं झाड होतं, त्याची सावली दुपारी भिंतीपलीकडे पडायची. रोज्यात माणूस उन्हात बसलेला मी येता-जाता पाहत होते. मान खाली घालून चालत होते. स्वतःला सांगत होते की नियम म्हणजे नियम, मी चुकीचं काय केलं.

अ‍ॅनिमल हाऊसमध्ये त्यांच्या जागी कुणी आलं नाही. भुसा बदलणं, बाटल्या धुणं, सगळं माझ्या गळ्यात पडलं. उंदीर माझ्या हातात राहात नव्हते, म्हणून आठव्या आठवड्याचं रक्तही काढायचं राहिलं. एकाने अंगठ्याला असा चावा घेतला की नखाखाली काळं पडलं. पिंजरे मी झटापट उघडायचे, झटापट लावायचे. तेही माझ्या पावलांचा आवाज आला की जाळीवर उड्या घ्यायला लागले होते.

ईद झाली. त्यानंतर तीन-चार दिवसांनी, दुकानदाराने सांगितलं होतं त्याहून आठवडाभर उशिरा, रसायनाचं खोकं आलं. मी ब गटाच्या नळ्या वितळवल्या आणि तपासायला बसले. फार उत्साह नव्हता. ब गट म्हणजे नेहमीचे उंदीर, त्यांच्यात काय निघणार.

अल्ब्युमिन खाली होतं. युरिया खाली होता. पहिला, दुसरा, तिसरा, सहाच्या सहा उंदरांचं तसंच. अ गटाचं जे यायला हवं होतं, ते सगळं ब गटात आलं होतं.

मी उठले, तिन्ही डबे आणले आणि टेबलावर ठेवले. सारख्या आकाराचे, सारख्या पांढऱ्या प्लास्टिकचे. अ, ब, क ही अक्षरं मी मार्करने लिहिली होती, ती झाकणांवर. डब्यांवर काहीच नव्हतं. आतलं खाद्यही पाहून ओळखता येईना. अ आणि ब दोन्ही पांढरेशुभ्र. मी दोन्हीतलं चिमूटभर घेऊन परीक्षानळ्यांत विरघळवलं, अल्कली टाकली, वर मोरचुदाचे थेंब. प्रोटीन असेल तर जांभळा रंग येतो, अकरावीतली मुलंही करतात हे. अ लिहिलेल्या झाकणाखालच्या खाद्याला गर्द जांभळा रंग आला. ब लिहिलेल्याला फिक्कट, नुसती झाक.

कालवून डबे भरले, तेव्हा कोणता डबा कोणत्या गटाचा हे मला पाठ होतं. झाकणं मात्र कठड्यावरून उचलून आणताना अदलाबदल झाली. कुणी काही बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलं होतं.

मी तिथून उठले ते सरळ बाहेर. मॅडमकडे जायचं सोडून बसस्टँडवर गेले आणि कपिलधारच्या धबधब्याकडे जाणारी बस लागली होती तिच्यात बसले. का, ते माहीत नाही. तिथे जाऊन कातळावर बसले. चैत्रात धबधबा कसला, खडकावर नुसता ओला पट्टा होता आणि दोन म्हाताऱ्या पायऱ्या चढत होत्या. पाच मिनिटंही बसवेना. परतीच्या बसला वेळ होता, तर मी रस्त्याने चालत सुटले. मागून जीप आली, तिच्यात बसून परत आले.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या चष्मा काढून आलेखाकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्या म्हणाल्या, "अगं, हे वाईट नाही. चार आठवडे प्रोटीन कमी आणि मग पुरेसं. अ गट पुन्हा सावरला. लोक असा प्रयोग मुद्दाम करतात. आपण तसंच लिहू, की ठरवूनच केलं."

"आणि चाचा?" मी विचारलं.

"ते नंतर बघू."

मला एकदम सुटल्यासारखं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. पदवी वाचली, वर्ष वाचलं, आलेख तर आधीपेक्षाही देखणा झाला. मी पिशवी घेऊन फाटकापर्यंत आले. चाचा स्टुलावर बसून वही चाळत होते. त्यांच्या बाजूने पुढे गेले, रस्त्यापर्यंत गेले. मग वळले. समोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. झाकणं माझ्या हातून बदलली. तुमचं काही नव्हतं. मी न विचारता तुमचं नाव घेतलं.

ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी इतके दिवस ब चे उपाशी राहिले?"

मी हो म्हणाले.

"आज त्यांला काय घातलं?"

त्या दिवशी सकाळीही मी त्याच डब्यातून खाद्य टाकलं होतं. नंतर सगळं कळलं, तरी कपिलधारला फिरून आले, मॅडमशी बोलले, माझ्या आलेखाचं बोलले. पिंजऱ्याकडे गेले नव्हते. मी तशीच मागे धावत अ‍ॅनिमल हाऊसमध्ये गेले आणि ब च्या भांड्यातलं खाद्य फेकून दुसरं टाकलं. तेव्हा मी त्या उंदरांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. केस विस्कटलेले. एकमेकांवर चढून कोपऱ्यात बसलेले. महिनाभर ते माझ्या डोळ्यांसमोर असे होत गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला की चूक माझी होती, चाचांचा काही दोष नव्हता. मॅडमना तो आवडला नाही. म्हणाल्या, हे तोंडी सांगूनही झालं असतं. प्रबंधाच्या मसुद्यात मी लिहिलं की पाचव्या आठवड्यात अ आणि ब गटांच्या खाद्याची माझ्याकडून अदलाबदल झाली. त्यांनी त्या ओळीवर लाल रेघ मारून मसुदा परत दिला. मी पुढच्या मसुद्यात ती ओळ तशीच ठेवली. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी माझ्याकडे न बघता सही केली. नंतर त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या.

चाचांना अ‍ॅनिमल हाऊसमध्ये परत यायला सांगितलं गेलं. ते नको म्हणाले. फाटक बरं हाय, माणसं येतात-जातात, असं त्यांनी कारण दिलं. शेवटचं रक्त काढायची वेळ आली तेव्हा मी जाऊन त्यांना विचारलं की आजच्या दिवस याल का, माझ्याने उंदीर धरवत नाहीत. ते आले. टॉवेल घेतला आणि अठराही उंदीर एक-एक करून धरले. पण या वेळी टॉवेलाशी बोलले नाहीत. काम झाल्यावर हात धुतले. बाहेर पडताना कूलरसमोर थांबून म्हणाले, "हे वारं कपाटाखालचा कचरा बाहेर फेकतंय. खाली झाडून घ्या." मी वाकून पाहिलं. कपाटाखाली हिवाळ्यातली धूळ होती, आणि त्यात फुटाण्याची जुनी टरफलं.

शेवटी उंदीर मारून त्यांचं यकृत तपासायचं ठरलं होतं, तो भाग मॅडमनी रद्द केला. गट असे मिसळल्यावर त्याला अर्थ नव्हता. उंदीर पुढच्या बॅचच्या कामी येणार होते. ब गट दोन-तीन आठवड्यांत भरला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती अदलाबदलीची ओळ वाचून दाखवली आणि विचारलं की हे लिहायची गरज काय होती. तसंच घडलं सर, एवढंच म्हणाले. त्यांनी पान उलटलं. गुण पहिल्या वर्गाला पुरतील इतके मिळाले, त्याहून जास्त नाहीत.

त्या दिवाळीच्या आधी मूळ प्रमाणपत्र घ्यायला मी बीडला गेले. तेव्हा परळीत एका तपासणी केंद्रात लागले होते. रोज माणसांचं रक्त, तोच युरिया, तेच अल्ब्युमिन. फाटकावर दुसराच कुणी बसला होता. तो म्हणाला, चाचांचं कंत्राट संपलं, आता ते मंडईत भावाच्या फळांच्या गाड्यावर असतात.

गाडा सापडला. सीताफळांचा ढीग होता आणि समोर गर्दी. चाचांनी मला ओळखलं, बरं हाय का म्हणाले. मी कुठे लागले ते सांगितलं. त्यांनी "चांगलं झालं" म्हटलं आणि एका बाईला फळं तोलून दिली. मला त्यांना विचारायचं होतं की त्या दिवसाचं अजून मनात आहे का. शब्द तोंडात आले होते. पण मध्ये गिऱ्हाइकं येत राहिली, आणि मला हेही कळत होतं की ते हो म्हणाले काय किंवा नाही म्हणाले काय, मला सोपं जाईल म्हणूनच ते मला ऐकायचं होतं.

मी सीताफळं मागितली. त्यांनी एक-एक फळ अंगठ्याने दाबून निवडलं आणि दोन वेगळ्या पिशव्यांत घातलं. "ही आज खा. ही परवाला."

मी पिशव्या घेतल्या. बसला अजून अर्धा तास होता. थोडा वेळ गाड्याच्या कडेला उभी राहिले, मग मंडईतून एक चक्कर मारली, पुन्हा तिथपर्यंत आले. चाचा पाठमोरे होऊन खोकं उघडत होते. मी स्टँडकडे चालायला लागले.